उंटवाल्याची मऊ गाडी

त्याच्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी मागून पाहिली की उंट आठवायचा. ढुंगण वर, चाकं अवाढव्य, आणि चाल अशी की आपण बाजूला उभं राहिलो तरी आपलीच मान डुलायला लागावी. म्हणून मी त्याचं नाव उंटवाला ठेवलं. आधी मी एकटाच म्हणायचो, मग गल्ली म्हणायला लागली, आणि शेवटी गिऱ्हाइकंही फोनवर विचारायची, "उंटवाले आहेत का?" तो चिडला नाही. चिडण्याचा कंटाळा होता त्याला.

माझं लेथचं दुकान त्याच्या गॅरेजला खेटून. मधली भिंत अशी पातळ की तिकडे पाना पडला तर इकडे माझा चहा हिंदकळायचा. त्याला लागणारे पिन, बुश, वॉशर मी कातून द्यायचो. एकमेकांवाचून आमचं पान हलत नव्हतं.

त्याचं काम एकच, पण त्यात तो पक्का. हौशी मंडळी दगडाधोंड्यांतून, चिखलातून, डोंगरावरून गाडी नेतात ना, त्यांना मोठे टायर हवे असतात. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, दगडावरून सरळ चढतं. पण कंपनीनं गाडी बनवलेली असते लहान चाकासाठी. मोठं बसवलं की मागे ते पत्र्याला घासतं. मग गाडीचा मागचा भाग उचलावा लागतो. मागच्या चाकांवर पाटे असतात, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. सगळी गाडी त्यांच्यावर पाठ टेकून बसलेली असते. उंटवाला त्यांत आणखी एक जाड पट्टी घालायचा आणि पाट्यांचा बाक वाढवायचा. गाडी उंच व्हायची, चाकाला जागा व्हायची. आणि बसायला ती अशी टणक व्हायची की आत बसलेल्याचे दात एकमेकांना ओळख दाखवायचे.

कुणी तक्रार केली तर तो म्हणायचा, "मऊ हवं असेल तर घरी गादीवर बसा. डोंगरावर कशाला जाता?"

गादीचंही गिऱ्हाईक मात्र त्याच दारातून जायचं. गॅरेजच्या पुढच्या भागात, खिडकीशी, वहिनींचं शिलाई मशीन होतं. वहिनी म्हणजे त्याची बायको. गाड्यांच्या सीटा शिवायची, गाद्या भरायची, फाटलेलं रेक्झिन असं जोडायची की टाका शोधून सापडत नसे. गिऱ्हाईक गाडी घ्यायला आलं की हसून सांगायची, "ह्यांनी कंबर मोडून दिलीय, आता माझ्याकडून गादी घेऊन जा. एकाच दारात दोन्ही सोयी."

मूलबाळ नव्हतं. त्यावरून दोन्हीकडचे बोलून बोलून थकले आणि मग गप्प बसले. हे दोघं मात्र दिवसभर बोलत असायचे. म्हणजे बोलायची ती, आणि गाडीखालून नुसतं "हं" यायचं. कधी "हं" नाही आलं तर ती वाकून बघायची, जिवंत आहेत ना म्हणून.

वहिनींचं माहेर लांब, एका नदीपलीकडे, चढावर. चार-सहा घरं तेवढी. रस्ता अलीकडच्या काठापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. पूर्वी पूल होता, एका पुरात गेला, तो परत कुणी बांधला नाही. नदी तशी वर्षातले बरेच महिने नावाचीच. मध्ये पाण्याचा एक पट्टा, बाकी सगळे गोटे, कलिंगडाएवढे, काही बसलेल्या म्हशीएवढे. तिची आई आणि धाकटा भाऊ पलीकडे राहायचे. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती खाली उतरायची नाही. वहिनीच दर वर्षी जायची. उंटवाला तिला काठापर्यंत सोडायचा, आणि ती चपला हातात घेऊन गोट्यांवरून टणाटण उड्या मारत जायची. "बकरी आहे बकरी," असं तो मला कौतुकानं सांगायचा.

तिची पाठ दुखायला लागली तेव्हा कुणालाच वेगळं काही वाटलं नाही. मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच. त्यानं तिच्यासाठी स्टूल उंच करून दिलं, मागे टेकायला फळी लावली. ती म्हणाली, "अहो, गाडी नाही मी, उंच केली की बरी व्हायला." पण दुखणं वाढत गेलं, पायात उतरलं, आणि मग इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तपासण्या झाल्या. आजार आधी दुसरीकडे होता, कुणाला कळला नाही, आणि कळला तोवर मणक्याच्या हाडांत गेला होता.

औषधं झाली, किरण देऊन झाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि गोल गोल न बोलता सांगितलं. "आता सुयांनी त्रासच होईल. दुखणं कमी करायच्या गोळ्या देते. घरी ठेवा, त्यांना जे आवडतं ते करू द्या."

मी बाहेर गाडीपाशी थांबलो होतो. परत येताना ती मागे आडवी झाली होती, मी गाडी हाकत होतो. प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून आवाज निघत होता, आणि प्रत्येक आवाजाला उंटवाला माझ्या खांद्यावर हात मारत होता, "हळू रे, हळू." ह्याहून हळू म्हणजे उतरून ढकलणंच राहिलं होतं.

घराशी आल्यावर ती म्हणाली, "मला माहेरी जायचंय. आईला भेटायचंय."

"भेटू की," तो म्हणाला.

"लवकर भेटू. अजून माणसासारखी दिसतेय तोवर. आईला एवढंच ठाऊक आहे की पाठीत चमक भरलीय."

तिच्या भावाला कळवलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही काठापर्यंत आणा, मी चार माणसं घेऊन खाली येतो. झोळी करून वर नेऊ." वहिनींनीच नको म्हटलं. इस्पितळात स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना काय झालं होतं ते तिला माहीत होतं. चार माणसांचे पाय गोट्यांवर चार दिशांना जाणार, आणि झोळी मध्ये हेलपाटणार. उंटवाल्यालाही ते लागलं. "मी असताना झोळी?" असं तो माझ्या दुकानात येऊन म्हणाला. "जन्मभर लोकांच्या गाड्या दगडांवर चढवल्या. बायकोसाठी एक होणार नाही?"

त्याची स्वतःची एक जुनी, पेटीसारखी गाडी होती. सुटे भाग आणायला वापरायचा. तिच्या मूळच्या चाकांवर ती नदीत गेली असती तर पोट गोट्यांवर टेकून बसली असती. म्हणून मोठे टायर हवेत हे नक्की. त्यानं हाताच्या सवयीनं नेहमीसारखं काम केलं. पाट्यांत जाड पट्टी, बाक वाढवलेला, गाडी उंच, मोठी चाकं आत. मागची सीट काढून तिथे गादी टाकली.

"चल," तो मला म्हणाला, "वखारीमागं घेऊन चल. मी मागे झोपतो."

लाकडाच्या वखारीमागे एक मैदान आहे, सगळं दगड आणि विटांच्या तुकड्यांचं. मी गाडी त्यात घातली. आम्ही तिथे पूर्वीही कितीतरी गाड्या तपासल्या होत्या, पण बसून. थोडं अंतर गेलो आणि मागून ठणाठण पत्रा वाजवल्याचा आवाज आला. मी थांबलो. तो मागचं दार उघडून खाली उतरला आणि तिथेच एका ओंडक्यावर बसला. चेहरा पांढरा पडला होता.

"हे असं बनवून देत आलो मी?"

"लोकांना आवडतं," मी म्हणालो.

"लोक बसलेले असतात रे. झोपलेलं कुणी नसतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं खोललं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं काढली आणि समोर बसून राहिला. वहिनींची खाट आता तिच्या मशीनशेजारी खिडकीशी टाकली होती. तिथून तिला सगळं दिसायचं. ती म्हणाली, "काय शोधताय?"

"गाडी उंच केली की पाटे टणक होतात. पाटे मऊ केले की गाडी खाली बसते आणि चाक पत्र्याला लागतं."

"मग पत्रा कापा," ती म्हणाली. "ब्लाउज काखेत घट्ट झाला तर मी बाई उंच करत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठून ग्राइंडर शोधायला लागला. इतक्या वर्षांत त्याला कुणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं, असं तो मला नंतर म्हणाला.

ते काम मी आयुष्यभर विसरणार नाही. चाकावरचा पत्रा त्यानं मोठ्या गोलाईत कापला, आतली भिंत आत सरकवून पुन्हा जोडली. मागचा आख थोडा आणखी मागे नेला, म्हणजे मोठं चाक पुढच्या बाजूला घासू नये. त्यासाठी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पाट्यांच्या नव्या जागा बनवल्या. पाटे म्हणून त्यानं दुसऱ्या एका गाडीच्या लांब, पातळ पट्ट्या आणल्या, आणि त्यांतल्याही काही काढून टाकल्या. लांब पट्टी लवते, आखूड पट्टी ठोसा देते. ब्रेकचा पाईप लांब केला, कारण चाक आता पूर्वीपेक्षा खूप खाली-वर होणार होतं. सगळ्यांत शेवटी, आख वर जाऊन चासीला आपटू नये म्हणून मऊ रबराचे ठोकळे लावले. माझ्याकडून बुश कातून घेतले आणि दोनदा परत आणले. "जरा घट्ट आहे." "जरा सैल आहे." मी वैतागून म्हणालो, "लग्नाची अंगठी आहे का?" तो म्हणाला, "तसंच समज."

गादी वहिनींनी शिवली. खाली कडक थर, वर मऊ, कडेला उशीसारखी उंची, म्हणजे अंग घरंगळू नये. पायात जोर होता तोवर मशीन चालवलं. मग हातानं टाके घातले. मग तेही होईना, तेव्हा मला बोलावून सुई माझ्या हातात दिली.

"भावजी, टाका सरळ घ्या. लेथ नाही तो."

"लेथवर तुमच्यासारखं ओरडणारं कुणी नसतं, वहिनी."

ती हसली. हसतानाही तिला पाठीला हात लावावा लागला.

मग तिला गाडीत ठेवून पाहिलं. मी गल्लीतून एक फेरी मारली. वखारीमागं न्यायला तो तयार नव्हता. ती म्हणाली, "डाव्या अंगाला टोचतंय." त्यानं डावीकडची एक पट्टी घासून पातळ केली. पुन्हा फेरी. ती म्हणाली, "आता छान आहे. पाळण्यासारखं वाटतंय. उद्या निघू."

"उद्या नको," तो म्हणाला. "मागचा शॉकअप शेवटी धक्का मारतो."

"मला नाही जाणवला."

"नदीत जाणवेल."

शॉकअप बदलला. मग त्याला वाटलं, टायरची बाजू जाड आहे, मऊ टायर हवेत. ते यायला वेळ लागला. आले तर त्यांतली हवा किती ठेवायची ह्यावर तो अडला. मग आखाचा आवाज येतो म्हणून तो उघडला. आवाज कसला, मला तर काही ऐकू येत नव्हतं. सकाळी मी दुकान उघडायला यायचो तेव्हा आदल्या दिवशी घट्ट केलेले नट तो पुन्हा सोडत बसलेला असायचा.

एकदा तो सामान आणायला गेला होता. वहिनींनी मला खिडकीतून हाक मारली.

"भावजी, ह्यांना समजवा. गाडी झालीय."

"मला पण तसंच वाटतं."

"मला पोचवून आले की सगळं संपलं, असं वाटतंय ह्यांना. म्हणून संपवत नाहीत." बोलताना दम लागायचा आता. "पण माझ्या अंगाला हे कोण सांगणार? ते काही ह्यांच्यासाठी थांबत नाही."

मी त्याला सांगितलं. अगदी तिचे शब्द नाही, पण सांगितलं. तो गाडीखाली होता. काही वेळ पाना फिरवण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"लेथवाल्या, तू तुझं काम कर," तो म्हणाला. आणि मग, गाडीखालूनच, "मधोमध दगडांत तिला कळ आली तर? तिथे मी काय करू, सांग ना. पाना घेऊन काय करू?"

मी दुकानात परत आलो आणि दुसऱ्याच कुणाचा तरी शाफ्ट लावून लेथ चालू केला.

तो महिना असाच गेला. वहिनी झपाट्यानं उतरली. गाल आत गेले, डोळे पिवळे झाले, केस आधीच गेले होते. कप धरता येईना. बोलणं कमी झालं, आणि त्या घरात तिचं बोलणं कमी झालं म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं झालं. एका सकाळी तिनं आरसा मागितला. उंटवाल्यानं कामाच्या फडताळातला, दाढीचा छोटा आरसा पुसून दिला. तिनं पाहिलं आणि परत केला.

तो आरसा हातात घेऊन माझ्याकडे आला. "उद्या निघू," म्हणाला. मी विचारलं, "झाली गाडी?" तो म्हणाला, "झालीच होती रे."

आम्ही उजाडता निघालो. मी हाकत होतो, तो मागे तिच्याजवळ बसला होता, एक हात गादीच्या कडेवर. डांबरी रस्त्यावर ती बहुतेक डोळे मिटून होती. ऊन वर आलं तेव्हा आम्ही काठावर पोचलो. पलीकडे चढावर तिचं घर दिसत होतं, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा.

"घालू?" मी विचारलं.

"घाल," तो म्हणाला. "पहिल्या गिअरातच ठेव. ब्रेकवर पाय नको."

मी त्याच्या कितीतरी उंटांवर बसलोय. हा उंट नव्हता. चाक गोट्यावर चढायचं, खाली पाटे लवायचे, आणि वर काही व्हायचंच नाही. आरशात मला मागची गादी दिसत होती. खालचं सगळं जग हलत होतं, आणि ती तशीच, पाण्यावर ठेवलेल्या पानासारखी. म्हशीएवढ्या एका दगडावरून मागचं चाक उतरलं तेव्हा मी दात आवळले. तेही नुसतं श्वास सोडल्यासारखं उतरलं. उंटवाला रस्ता बघतच नव्हता. तो तिचा चेहरा बघत होता.

नदीच्या मध्यावर, पाण्याच्या पट्ट्याशी, ती म्हणाली, "थांबवा."

मी इंजिन बंद केलं.

"दुखलं?" त्यानं विचारलं. "कुठे दुखलं? डावीकडे?"

"दुखतंय," ती म्हणाली. "पण गाडीमुळे नाही. गाडी फार छान झालीय हो. दार उघडा जरा, बघू दे."

त्यानं बाजूचं दार उघडलं. चढ, वाट, घर, सगळं समोर होतं. ओट्यावर कुणीतरी बसलेलं दिसत होतं. तिचा भाऊ वाटेवरून पळत खाली येत होता. तो गोट्यांवरून उड्या मारत आला, अगदी तिच्यासारख्या, आणि दाराशी येऊन त्यानं आत पाहिलं. मग तो जागच्या जागी उभाच राहिला.

"ताई," म्हणाला.

"आई काय करतेय?"

"सकाळपासून ओट्यावर बसलीय. गाडी दिसली तशी उभी राहायला बघत होती. मी धरून बसवलं. चल, आता थोडंच राहिलंय."

"वर नको," वहिनी म्हणाली.

उंटवाल्याला वाटलं, ती दमली. "थोडं थांबून जाऊ. घाई नाही."

"वर नकोच. आईनं मला असं बघायला नको." बोलायला तिला फार कष्ट पडत होते, तरी ती एकेक शब्द नीट बोलत होती. "तिला पाठीची चमक म्हणून सांगितलंय. ही काय पाठीची चमक दिसतेय? महिन्याभरापूर्वी..."

एवढं म्हणून तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. रागानं नाही पाहिलं. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

"ताई, ती काय म्हणेल? गाडी तिला दिसतेय."

"तिला सांग, गाडी अडकली. दगडांत अडकली, पुढे येईना, मागे फिरावं लागलं. बरी झाले की चालत येईन म्हणावं."

भावानं उंटवाल्याकडे पाहिलं. ज्याच्या हातच्या गाड्या कुठे अडकत नाहीत म्हणून लोक लांबून यायचे, त्या माणसाकडे. उंटवाल्याची मान खाली होती.

"सांग," तो म्हणाला. "दाजींची गाडी अडकली म्हणून सांग."

भावानं तिची पावलं हातांत धरली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. वर ओट्यावरून म्हातारी हात हलवायला लागली होती. एवढ्या अंतरावरून तिला चेहरा दिसणं शक्य नव्हतं, फक्त गाडी आणि उघडं दार. वहिनींना हात हलवायचा होता. तो छातीपर्यंत आला आणि पुढे जाईना. उंटवाल्यानं तिच्या कोपराखाली हात घालून तो वर धरला, आणि दोघांचा मिळून तो हात हलत राहिला.

मग मी गाडी वळवली. परतताना ती झोपून होती. काठावर आल्यावर त्यानं मला थांबायला सांगितलं, उतरला, गाडीमागे गेला. कुणी पाहू नये म्हणून माणूस लपून रडतो तसं त्याचं ते रडणं मी आरशात पाहिलं, आणि आरसा फिरवून ठेवला.

त्याच आठवड्यात वहिनी गेली. सकाळची वेळ होती, तो तिच्यासाठी दूध गरम करत होता. भाऊ आला, सगळं आटोपेपर्यंत राहिला. जाताना माझ्याजवळ म्हणाला, "आईला आता सांगायचं कसं, तेच कळत नाही. आणि सांगितलं की ती दाजींना बोल लावणार. आधीच चाललंय तिचं, गाडीला नावं ठेवणं."

हे उंटवाल्याच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "लावू दे."

काही दिवसांनी तो सासूला भेटायला निघाला, मला सोबत घेतलं. गाडी तीच. मऊ पाटे तसेच, गादी काढलेली. नदीच्या अलीकडच्या काठावर त्यानं गाडी थांबवली, चावी काढली, दार लावलं.

"घाल की आत," मी म्हणालो. "आता काय होतंय?"

"ती अडकते ना," तो म्हणाला आणि चपला हातात घेऊन गोट्यांवर उतरला.

त्याला चालता येत नव्हतं त्या दगडांवर. दोनदा घसरला, एकदा पाण्यात बसला. मी हात द्यायला गेलो तर झिडकारला. वर ओट्यावर म्हातारी आम्हाला येताना पाहत होती. आम्ही पोचलो तशी ती बोलायला लागली, आणि थांबेचना. लोकांच्या गाड्या डोंगरावर नेतोस म्हणे, माझी लेक तेवढी चढावर आणता आली नाही. माझ्या डोळ्यांसमोरून परत नेलीस. एवढीशी नदी! चार माणसं बोलावली असतीस तर उचलून आणली असती. तो ओट्याच्या कडेला, ओल्या कपड्यांनी, मान खाली घालून बसला होता. मेव्हणा दारात उभा होता. त्याचं तोंड उघडायला लागलं तसं उंटवाल्यानं त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं, आणि मेव्हणा आत निघून गेला.

"नाही आणता आली, आई," उंटवाला म्हणाला.

म्हातारी रडून रडून थकली. मग तिनं विचारलं, "फार दुखत होतं का रे तिला, गाडीत?"

"नाही, आई. गाडीत नाही दुखलं."

"मला हात केला तिनं. पाहिला मी."

"हो."

तो आता दर महिन्याला जातो. तिच्या गुडघ्यांची औषधं नेतो, छपराचा पत्रा ठोकून देतो, पाण्याची मोटर दुरुस्त करतो. गॅरेज चालू आहे. गाड्या उंच करून देतो, पण त्याचं बोलणं गेलं. म्हणजे "हं"सुद्धा गेलं. एकदा कुणीतरी त्याच्या गाडीत बसलं आणि हट्ट धरला की माझीही अशीच करून द्या. त्यानं सांगितलं, "जमणार नाही. कशी झाली ते मला आठवत नाही." शिलाई मशीन खिडकीशी आहे, पण गिऱ्हाइकांना गादीसाठी तो दुसरीकडे पाठवतो.

गेल्या खेपेला मी पुन्हा त्याच्याबरोबर होतो. गाडी अलीकडे लावली, औषधांची पिशवी डोक्यावर घेऊन त्यानं नदी ओलांडली. आता जरा बरं चालतो. म्हातारी ओट्यावर होतीच. आता ती पूर्वीसारखं बोलत नाही, जीव लावते त्याला. त्याच्या पायाला गोटा लागून रक्त आलं होतं, ते तिनं पाहिलं आणि कळवळली.

"किती दिवस असा पायी येणारेस रे? ती गाडी एकदा नीट करून घे की. तुमच्या गल्लीत कुणी चांगला मेकॅनिक नाही का?"

"बघतो, आई," तो म्हणाला, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेला.